लाकडी गॉथिक: वेलिंग्टनच्या ओल्ड सेंट पॉल्सचं मॉडेल, प्रकल्प नोंदी

९ मार्च २०२४

आजपासून नोंदी सुरू. वेलिंग्टनच्या ओल्ड सेंट पॉल्स चर्चचं लाकडी मॉडेल करतोय, स्केल १:५०. अख्खं चर्च नाही, मधल्या लांब भागाचे चार खण आणि दक्षिणेकडचा ट्रान्सेप्ट, म्हणजे त्याला काटकोनात जोडलेला बाजूचा भाग, एवढंच. छपराची एक बाजू उघडी ठेवायची म्हणजे आतल्या कैच्या, छप्पर पेलणाऱ्या लाकडी चौकटी, दिसतील. खरं तर मॉडेल कैच्यांसाठीच आहे, भिंती आणि खिडक्या नंतर.

कारण असं की भाचा कोल्हापूरला आर्किटेक्चरला आहे. त्याला गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपातली टोकदार कमानींची शैली, शिकवतात ते सगळं दगडातलं, उंच खांब, दगडी कमानी, बाहेरून टेकू दिलेले धिरे वगैरे. मी त्याला इथले फोटो पाठवले तर म्हणाला, "मामा, हे छान दिसतंय पण हे गॉथिक कसं, हे तर लाकूड आहे, दगडाची नक्कल असणार." मला ते पटलं नाही. नक्कल अजिबात नाहीये ती. पण फोनवर बोलून सांगता येईना, म्हणून म्हटलं बनवूनच दाखवू, प्रत्येक टप्प्याचे फोटो त्याला पाठवायचे आणि इथे लिहून ठेवायचं.

चर्च कुठे आहे ते आधी. थॉर्नडन भागात मलग्रेव्ह स्ट्रीटवर, रेल्वे स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटं. चारी बाजूंनी सरकारी आणि ऑफिसच्या बिल्डिंगा वाढल्यात, मधे हे झाडांच्या आड उभं. १८६६ पासून जवळजवळ शंभर वर्षं हे अँग्लिकन पंथाचं वेलिंग्टनमधलं कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च होतं, म्हणजे खरं मोठं कॅथेड्रल होईपर्यंतची सोय. कॅथेड्रल म्हणून बघायला गेलं तर लहानच आहे, गावातलं चर्च म्हणावं असं. ते लहानपणच मला आवडतं, दारातून आत पाऊल टाकलं की सगळी रचना एका नजरेत कळते.

१७ मार्च

भाच्याचा पहिला प्रश्न, "लाकूडच का? दगड नव्हता का?"

दगड होता, विटाही पाडत होते. पण १६ ऑक्टोबर १८४८ ला मार्लबरोचा मोठा भूकंप झाला, समुद्राच्या पलीकडे, तरी वेलिंग्टनमधली विटांची आणि मातीची बांधकामं फुटली, आणि त्यानंतरच्या धक्क्यात भिंत कोसळून एक सार्जंट आणि त्याची दोन मुलं गेली. लोकांनी शहाणपणा केला, पुढची घरं बरीचशी लाकडात बांधली. मग २३ जानेवारी १८५५ ला रात्री वायरारापाचा भूकंप, अंदाजे ८.२ तीव्रतेचा, न्यूझीलंडच्या लिखित इतिहासातला सगळ्यात मोठा. वेलिंग्टनचा किनाराच एक-दीड मीटर वर उचलला गेला. एवढा प्रचंड धक्का, पण शहरात माणसं दगावली नाहीत म्हणावं इतकी कमी, कारण तोवर घरं बहुतेक लाकडाची होती, पडल्या त्या विटांच्या चिमण्या.

ह्याच्यामागचं गणित सोपं आहे. जमीन हलते तेव्हा इमारतीवर येणारा जोर तिच्या वजनावर ठरतो, जितकी जड तितका जोर जास्त. दगडी भिंत जड, वर ती ओढ-ताण अजिबात सोसत नाही, सांध्यात उघडते. लाकडी सांगाडा हलका, आणि सांध्यांत खिळे-बोल्ट असल्यामुळे थोडा थोडा सगळीकडून लवतो आणि परत जागेवर येतो. लातूर-किल्लारीला १९९३ मध्ये काय झालं ते आपल्याला माहितीये, मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं. भाच्याला तेवढं एक उदाहरण पुरलं.

तर १८६५ साली, भूकंपाला दहा वर्षं झालेली, वेलिंग्टनमध्ये चर्च बांधायचं तर लाकूडच.

३० मार्च

लाकूड आणलं. मूळ चर्चमध्ये चार देशी लाकडं आहेत, टोटारा, मटाई, रिमू आणि कौरी. मॉडेलमध्येही शक्य तितकी तीच वापरायची असं ठरवलं होतं. नवीन रिमू आता परवडत नाही आणि देशी जंगलं तोडणं जवळजवळ बंद आहे, चांगलंच आहे ते. पण जुनी घरं पाडतात त्यांचं लाकूड विकणारी यार्डं असतात, तिथे रिमूच्या जुन्या फळ्या मिळाल्या, खिळ्यांच्या काळ्या डागांसकट. रंधा मारला की आतून लालसर-तपकिरी रंग निघतो आणि वास तर असा येतो की गॅरेजमधून बाहेर यावंसं वाटत नाही.

कौरीचा एक जुना ड्रॉवर मिळाला, त्याच्या तळाच्या फळीतून छपराच्या पट्ट्या निघतील. टोटाराचा कुंपणाचा जुना खांब शेजाऱ्यांनी दिला. मटाई थोडी, फरशीच्या जुन्या पट्ट्यांतली.

कुठलं लाकूड कुठे हे त्या सुतारांना पक्कं माहीत होतं. टोटारा सहज कुजत नाही, माओरी लोक त्याच्या होड्या आणि कोरीवकाम करत आलेत, म्हणून जमिनीजवळ आणि पावसापाण्याच्या जागी टोटारा. मटाई घट्ट आणि कठीण, जमिनीला उत्तम. रिमू ताकदीचं, कैच्यांना. आणि कौरी सरळ रेषेचं, गाठ नसलेलं, लांबच लांब फळ्या देणारं, छपराच्या आतल्या अस्तराला. कौरी वेलिंग्टनच्या आसपास उगवतच नाही, ते फक्त वरच्या उत्तर भागातलं झाड, म्हणजे ते जहाजानेच आलं. आपल्याकडे वाड्याच्या खांबाला साग आणि बाकी फुटकळ कामाला दुसरं असं जे सुतार ठरवायचे, अगदी तोच विचार.

७ एप्रिल

पाया आणि तळफळी. विशेष काही नाही. गुण्या लावून लावून वेळ गेला.

२१ एप्रिल

आज काम कमी झालं, वाचन जास्त. फ्रेडरिक थॅचर ह्या माणसाबद्दल लिहायचंच होतं.

थॅचर इंग्लंडचा, जन्म १८१४, लंडनमध्ये आर्किटेक्ट म्हणून काम केलेला. १८४३ ला न्यूझीलंडला आला. इथे त्याची गाठ पडली जॉर्ज सेल्विनशी, न्यूझीलंडचे पहिले अँग्लिकन बिशप. सेल्विन १८४२ मध्ये आले तेव्हा त्यांच्या डोक्यात दगडी चर्चेसच होती. ऑकलंडला बांधलीही. पण टामाकीचं सेंट थॉमस चर्च, १८४७ चं, ज्वालामुखीच्या दगडाचं, त्याचा चुनाच धड नव्हता, भिंती भुसभुशीत व्हायला लागल्या आणि थोड्याच वर्षांत ते सोडून द्यावं लागलं, आता तिथे अवशेष आहेत. जजेस बेच्या सेंट स्टीफन चॅपलचंही तेच, पहिलं दगडी होतं ते कोसळलं आणि त्याच्या जागी थॅचरने १८५० च्या दशकात छोटंसं लाकडी चॅपल दिलं. इतकं छोटं की एका वर्गाची मुलं बसतील आणि भरून जाईल, पण १३ जून १८५७ ला न्यूझीलंडच्या अँग्लिकन चर्चच्या घटनेवर सह्या तिथेच झाल्या.

ह्यातूनच ती सेल्विन चर्चेस म्हणून ओळखली जाणारी लाकडी चर्चेस आली. उतरतं, भरपूर चढाचं छप्पर, अरुंद टोकदार खिडक्या, आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे काहींमध्ये सांगाडा चक्क बाहेरून दिसतो, उभे खांब, तिरके आधार सगळं बाहेर, फळ्या आतल्या बाजूला. इमारत कशी उभी आहे ते रस्त्यावरून कळतं. सेंट जॉन्स कॉलेजचं चॅपल, १८४७, थॅचरचंच. हाउइकचं ऑल सेंट्स पण १८४७ चं, त्याचा सांगाडा कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये तयार करून समुद्रमार्गे नेला आणि तिथे उभा केला. आपण आज प्रीफॅब प्रीफॅब म्हणतो ना, तेच.

थॅचर पुढे स्वतः पाद्री झाला. वेलिंग्टनला सेंट पॉल्सचंच काम त्याने बघितलं, आणि ह्या चर्चचा आराखडाही त्याचाच. म्हणजे जिथे उभं राहून प्रार्थना म्हणायची ती जागा त्या माणसाने स्वतः आखली. मला वाटतं ते आत जाणवतं, वेदीकडे नजर कशी जावी, आवाज कसा पोचावा, लोक कुठे बसणार, हे त्याला रोजच्या कामातून माहीत होतं.

आता आपल्याकडचा धागा. १८३९ मध्ये केंब्रिजला काही तरुण विद्यार्थ्यांनी केंब्रिज कॅम्डन सोसायटी काढली, चर्च कसं असावं याबद्दल त्यांची मतं फार कडक. मध्ययुगीन गॉथिक हाच खरा नमुना, वेदीचा भाग वेगळा आणि स्पष्ट हवा, छप्पर चढाचं हवं, आणि सामान खोटं नको, प्लास्टर करून दगड भासवायचा वगैरे चालणार नाही. सेल्विन न्यूझीलंडला निघाले तेव्हा ह्या मंडळींनी त्यांनाही सल्ला दिला होता. आणि ह्याच विचाराचं एक चर्च आपल्या मुंबईत आहे, कुलाब्याचं अफगाण चर्च. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांचं स्मारक, १८५८ मध्ये पवित्र केलं गेलं, आराखडा हेन्री कॉनिबेअरचा, ज्याने मुंबईला विहार तलावाचं पाणी आणलं तोच इंजिनिअर. भाच्याने ते शाळेच्या सहलीत पाहिलंय. तर त्याला म्हटलं, बघ, विचार एकच, जवळपास एकाच काळातला, मुंबईत दगड चांगला आणि दगड घडवणारे हात चांगले म्हणून तो दगडात आला, वेलिंग्टनमध्ये जमीन हलते आणि जंगल शेजारी म्हणून लाकडात. दोन्ही खरीच, कुणी कुणाची नक्कल नाही. त्यावर त्याचा बराच वेळ रिप्लाय नाही, मग आलं, "ओके मामा, पण कमानीचं सांग."

५ मे

कमानी. इथेच सगळा जीव आहे.

छपराचे दोन उतार आढ्याला एकमेकांवर टेकतात आणि खाली भिंतींना बाहेर ढकलतात. दगडी गॉथिकमध्ये ह्या ढकलण्याला उत्तर म्हणजे वजन, जाड भिंत, बाहेरून दगडी धिरा. लाकडात वजन नाही, मग काय करायचं? सगळ्यात सोपं म्हणजे दोन्ही भिंतींना जोडणारी आडवी तुळई, आपल्या घरांच्या कैचीत खाली असते तशी. पण ती घातली की वरची सगळी उंची कापली जाते, मान वर केली की तुळयाच तुळया. थॅचरने तसं केलं नाही. आडवा दुवा वर चढवला आणि खाली दोन्ही बाजूंनी वाकडे लाकडी हात खांबापासून वर नेऊन मधे टोकदार कमानीत मिळवले. ते हात दोन कामं करतात, वाशांचा बाहेरचा दाब पकडून खांबाच्या खालच्या भागात उतरवतात, आणि खांब-वासा ह्या कोपऱ्याला ताठ करतात, म्हणजे चौकट आडवी लवत नाही. वर छप्पर चढाचं असल्यामुळे मुळात बाहेर ढकलणंच कमी, उतार जितका उभा तितका दाब सरळ खाली जातो.

म्हणजे टोकदार कमान ही शोभेसाठी चिकटवलेली नाही, ती काढली तर चौकट लंगडी पडेल. भाच्याला हेच दाखवायचं होतं मला.

मॉडेलसाठी रिमूच्या फळीतून अख्खा वाकडा हात एका तुकड्यात कापला तर मधे कुठेतरी लाकडाची रेष आडवी जाते आणि तिथे तो काडीसारखा तुटतो, म्हणून छोटे तुकडे, प्रत्येकाची रेष वळणाच्या दिशेने, टोकाला टोक तिरकं घासून चिकटवायचे, आणि सांध्यावर बारीक पितळी पिना, बोल्टच्या जागी. वेळखाऊ आहे पण तयार झालेली कैची हातात घेतली तर दाबून बघावीशी वाटते आणि दाबली तरी काही होत नाही.

इथले गाइड लोक आत आलेल्या माणसाला सांगतात की छप्पर म्हणजे उलटं ठेवलेलं गलबत. ते मला पटतं, वळणदार लाकडी फासळ्या आणि त्यावर लांब फळ्या हे दोन्हीकडे एकच काम आहे.

१९ मे

चारही खणांच्या कैच्या झाल्या. उभ्या केल्या, आढं टाकलं. फोटो पाठवले. पलीकडून फक्त हात जोडल्याचं चिन्ह आलं.

६ जून

आजच्याच तारखेला १८६६ मध्ये बिशप चार्ल्स अब्राहम यांनी हे चर्च पवित्र केलं. पायाचा दगड २१ ऑगस्ट १८६५ ला गव्हर्नर जॉर्ज ग्रे यांनी बसवला होता. म्हणजे पायाच्या दगडापासून वापरात यायला दहा महिनेसुद्धा पुरते लागले नाहीत. त्याच १८६५ मध्ये राजधानी ऑकलंडहून वेलिंग्टनला आलेली, गाव अचानक देशाचं केंद्र झालेलं, सगळ्याचीच घाई असणार.

आज मुद्दाम जाऊन बराच वेळ बसलो. बाहेरून रंगवलेलं आहे, फिकट, व्यवस्थित, नीटनेटकं, तेवढ्यावर माणूस पुढे निघून जाईल. आत गेलं की रंग नावालाही नाही, खांब, कमानी, छताच्या फळ्या, सगळं उघडं लाकूड, दीडशे वर्षांत मधासारखं गडद झालेलं. रंगीत काचांमधून ऊन येतं ते ह्या लाकडावर पडतं आणि परत उठत नाही, दगडी चर्चमध्ये ते भिंतीवर चमकतं, इथे लाकूड ते पिऊन टाकतं. मला दोन्हीत हेच जास्त आवडतं.

भिंतींवर पितळी पाट्या, कुणाकुणाच्या आठवणीत. वर झेंडे लावलेत, त्यात अमेरिकेच्या मरीन सैनिकांचाही आहे, दुसऱ्या महायुद्धात ते वेलिंग्टनला मुक्कामाला होते आणि इथे प्रार्थनेला यायचे. नेहमीची रविवारची प्रार्थना आता इथे होत नाही, पण जागा अजून पवित्र मानलेली आहे, लग्नं होतात, अंत्यविधी होतात, गाण्याचे कार्यक्रम होतात. लाकडामुळे आवाज फार छान लागतो आत. आपल्या मराठी मंडळातल्या एका मुलीचं व्हायोलिन मी इथे ऐकलंय.

२३ जून

बाहेर सदर्न वारा सुटलाय, अंटार्क्टिकाकडून येणारा तो. गॅरेजचं दार थडथड वाजतंय, आणि नेमकं आज काम होतं ट्रान्सेप्ट बसवायचं.

आधी एक प्रयोग केला. चार खणांच्या सांगाड्याला खांबांच्या वरच्या टोकाशी दोरा बांधून मासे तोलायच्या काट्याने आडवा ओढला, किती लवतो ते मागे लावलेल्या पट्टीवर बघितलं. कैच्यांमुळे ताठपणा आहे, तरी लांब सांगाडा मधल्या भागात लवतोच, टोकांच्या भिंतींपासून जितकं लांब तितकं जास्त. मग ट्रान्सेप्टची चौकट काटकोनात जोडली, तिरके आधार घातले, गोंद वाळू दिला आणि परत तितक्याच जोराने ओढलं. फरक इतका स्पष्ट की भाच्यासाठी दोन्हीचा व्हिडिओ केला. ट्रान्सेप्टच्या भिंती मधल्या भागाला आडव्या येतात ना, त्यामुळे त्या वाऱ्याचा जोर स्वतःच्या लांबीत घेतात, घराला मधेच आडवी भिंत मिळाल्यासारखं.

आणि खऱ्या चर्चचा इतिहास बघा, सुरुवातीला हे इतकं नव्हतं. दक्षिणेचा ट्रान्सेप्ट १८६८ मध्ये, उत्तरेचा ट्रान्सेप्ट आणि बाजूची ओळ (खांबांपलीकडचा लांब पट्टा) १८७४ मध्ये, ती ख्रिश्चन टॉक्सवर्ड ह्या डॅनिश वंशाच्या आर्किटेक्टने केली, पुढे १८९१ मध्ये वेदीकडचा भाग फ्रेडरिक डी जर्सी क्लेअरने वाढवला. प्रत्येक वेळी लोक वाढले म्हणून जागा वाढवली, आणि ती वाढवताना इमारत अजून घट्ट होत गेली. इतके हात लागूनसुद्धा आत उभं राहिलं तर जोड कुठे आहे ते शोधावं लागतं, कारण प्रत्येकाने थॅचरचीच भाषा पुढे चालवली. खरंच मोठेपणा आहे हा त्यांचा. लाकडात हे जमतं, फळी काढा, नवी चौकट उभी करा, बोल्ट मारा.

७ जुलै

भाच्याची शंका परत, "पण मग दगडाची नक्कल करणारं लाकूड नसतंच का?"

असतं की! त्यासाठी चर्चपासून काही मिनिटांवर जायचं, जुनी गव्हर्नमेंट बिल्डिंग. १८७६ मध्ये पूर्ण झालेली, विल्यम क्लेटनचा आराखडा, जगातल्या सगळ्यात मोठ्या लाकडी इमारतींपैकी एक. लांबून बघितलं तर इटालियन दगडी राजवाडा, कोपऱ्यांना घडीव दगडांच्या रांगा, खिडक्यांवर दगडी महिरपी. हात लावला की कळतं सगळं लाकूड आहे, फळ्या कापून दगडाच्या आकारात बसवल्यात. भूकंपाची तीच भीती, लाकूड तेच, पण सरकारला रुबाब दगडाचा हवा होता.

ती इमारतही मला आवडते, सुतारकाम अफाट आहे. पण त्या दोन इमारती एकाच दुपारी बघितल्या की फरक डोळ्यात भरतो. तिथे लाकूड दगडाचं काम करून दाखवतं, इथे लाकूड लाकडाचंच काम करतं आणि त्यातूनच शोभा येते. आर्किटेक्चरच्या कुठल्याही विद्यार्थ्याने वेलिंग्टनला आलं तर तासाभरात हे दोन्ही बघून घ्यावं, वर्गात सांगून कळत नाही ते पायी फिरून कळतं.

छपराच्या फळ्या लावतोय. कौरी कापायला लोण्यासारखं, पण पातळ पट्टी लगेच चिरते.

२८ जुलै

हे चर्च आज उभं आहे हे गृहीत धरायला नको, त्याची गोष्ट लिहितो.

नवीन मोठं कॅथेड्रल बांधायचं खूप आधीपासून चाललेलं. सेसिल वुडचा आराखडा, काँक्रीटचं, मोल्सवर्थ स्ट्रीटवर. १९५४ च्या जानेवारीत राणी एलिझाबेथ आल्या होत्या तेव्हा त्यांच्या हस्ते पायाचा दगड बसला, १९६४ मध्ये ते वापरात आलं. मग जुन्याचं काय? पाडायचा विचार होता, निदान मोडून त्याचा काही भाग नव्याला जोडायचा. जागा शहराच्या मधोमध, लाकूड शंभर वर्षं जुनं, दुरुस्तीचा खर्च. पण गावातले लोक उठले, ह्या चर्चला कधीही न गेलेले लोकसुद्धा, सभा झाल्या, पत्रं गेली, वर्षानुवर्षं वाद चालला. शेवटी १९६७ मध्ये सरकारने ते विकत घेतलं आणि सार्वजनिक बांधकाम खात्यातले आर्किटेक्ट पीटर शेपर्ड यांच्या देखरेखीखाली ते हळूहळू, काळजीपूर्वक नीट केलं. आता ते हेरिटेज न्यूझीलंड ही वारसा जपणारी संस्था सांभाळते. २०१९-२० मध्ये भूकंपासाठी मजबुतीचं कामही झालं, तेव्हा बरेच महिने बंद होतं.

न्यूझीलंडमध्ये वारसा वाचवण्याची चळवळ जी उभी राहिली त्यात ह्या भांडणाचा मोठा वाटा आहे असं मी ठामपणे म्हणेन. राजवाडा नाही, किल्ला नाही, एक लाकडी चर्च, आणि त्यासाठी सामान्य माणसं भांडली.

आणि अजून एक गोष्ट, मला ही फार आवडते. त्या नव्या काँक्रीटच्या कॅथेड्रलला छोट्या प्रार्थनेसाठी जागा हवी होती. तर वेलिंग्टनच्या उत्तरेला पॅरापराऊमू गावात क्लेअरनेच १९०५ मध्ये केलेलं छोटं लाकडी सेंट पॉल्स चर्च होतं, ते १९९० मध्ये उचलून आणून कॅथेड्रलला जोडलं, लेडी चॅपल म्हणून. काँक्रीटच्या त्या उंच भिंतींतून दार उघडून आत गेलं की एकदम लाकडी गावातलं चर्च, वासासकट. ऑकलंडला तर ह्याहून मोठं काम झालं, पार्नेलचं सेंट मेरीज, बेंजामिन माउंटफर्टचं, लाकडी गॉथिकमधलं खूप मोठं, १९८२ मध्ये आख्खं उचलून रस्त्यापलीकडे सरकवलं. दगडी चर्च असं हलवायचं तर दगडन्‌दगड मोडून नंबर टाकावे लागतील.

११ ऑगस्ट

लाकडाची दुसरी बाजू लिहिली नाही तर नोंदी अपुऱ्या राहतील. आग.

ओटाकीचं रांगीआतेआ चर्च, वेलिंग्टनच्या उत्तरेला. माओरी लोकांनी उभारलेलं अँग्लिकन चर्च, १८५० च्या सुमाराचं, 'ते राउपराहा' नावाच्या मोठ्या माओरी सरदाराच्या पाठबळाने. मधोमध टोटाराचे प्रचंड खांब, वर एकाच झाडाचं आढं, भिंतींवर तुकुतुकु म्हणजे माओरी विणकामाच्या नक्षीचे फलक. बाहेरून इंग्रजी चर्च, आत माओरी सभागृहाची ताकद. ते १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये कुणीतरी लावलेल्या आगीत जळून गेलं. सगळं. लोक रडले, पण बसून राहिले नाहीत, तेच माप, तोच आकार धरून पुन्हा बांधलं आणि २००३ मध्ये उघडलं.

मी नवीन बघून आलोय. लाकूड अजून फिकट आहे. जुन्याचे फोटो दारापाशी बघितले की पोटात तुटतं, पण आत बसल्यावर ते पुन्हा बांधणाऱ्या हातांबद्दल आदरच वाटतो. माहिती हातात असली, म्हणजे कसं बांधलं होतं ते कुणाला तरी ठाऊक असलं, तर लाकडी इमारत पुन्हा उभी राहू शकते. म्हणूनच मोजमापं, रेखाटनं, फोटो हे सगळं वेळेत करून ठेवायला हवं. आपल्याकडच्या वाड्यांचंही तेच, पुण्यात, साताऱ्यात, वाईत किती वाडे गेले आणि त्यांचं साधं एक सेक्शन, म्हणजे उभा छेद दाखवणारं रेखाटन, कुणी काढून ठेवलं नाही. भाच्याला मी हे दोनदा लिहून पाठवलं. त्याच्या कॉलेजजवळ एक लाकडी सांगाड्याचा जुना वाडा आहे, मालक आत येऊ देतात, तर तो आणि त्याचे मित्र आता तिथे टेप घेऊन जायला लागलेत. रविवारी त्याने पहिलं रेखाटन पाठवलं, खांबावरची तुळई, कडीपाट, सगळं मापांसकट. छान काढलंय, रेषा स्वच्छ आहेत.

२५ ऑगस्ट

मॉडेल पूर्ण. दक्षिणेकडचं छप्पर फळ्यांनी बंद, उत्तरेकडचं उघडं. बाहेरच्या फळ्यांना फिकट रंग, आतल्या लाकडाला फक्त जवसाचं तेल, कापडाने चोळून, दोन हात. तेल लागल्यावर रिमू आणि कौरीतला फरक लगेच दिसतो, कैच्या गडद आणि मधलं अस्तर सोनेरी, खऱ्या चर्चसारखंच. खिडक्यांत रंगीत काच नाही, ट्रेसिंग पेपर लावला, कारण लक्ष कैच्यांकडे जायला हवं.

ट्रान्सेप्ट चिकटवलेला नाही, चार पितळी स्क्रूंवर आहे, काढता येतो. कुणी बघायला आलं की आधी ट्रान्सेप्टशिवाय बोटाने ढकलायला द्यायचं, मग लावून. मुलांना हे फार आवडेल, मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत नेणार आहे.

सोबत पाटी करतोय, मराठीत. त्यावर एवढंच: ओल्ड सेंट पॉल्स, वेलिंग्टन, १८६५-६६, आराखडा फ्रेडरिक थॅचर, वाढवलं टॉक्सवर्ड आणि क्लेअर यांनी, लाकूड टोटारा, मटाई, रिमू, कौरी. आणि खाली एक ओळ, कमानीचे वाकडे हात काढले तर चौकट लवेल.

भाच्याला सगळ्या कैच्यांची रेखाटनं पीडीएफ करून पाठवली. तो म्हणतो सेमिस्टरच्या प्रेझेंटेशनला अफगाण चर्च आणि हे शेजारी शेजारी ठेवणार आहे. त्यासाठी त्याला अफगाण चर्चच्या छपराचा आतून फोटो हवाय, मुंबईतल्या मावशीला सांगितलंय.

पुढचं मॉडेल पॅरापराऊमूहून आणलेल्या त्या छोट्या चर्चचं. शनिवारी कॅथेड्रलमध्ये जाऊन कोपऱ्यांचे आणि सांध्यांचे फोटो काढायला सुरुवात करतोय, परवानगी मिळाली आहे.